जुन्या बंदुकीचा दोष कोणाला?

काठमांडूच्या लगन शिलेखान्यात हजारो बंदुका शंभराहून अधिक वर्षे पडून होत्या. एकीवर एक रचलेल्या, ग्रीस आणि धुळीचा थर चढून काळ्याठिक्कर पडलेल्या, काहींचे दस्ते किडीने पोखरलेले. २००३ मध्ये दोन अमेरिकी कंपन्यांनी नेपाळ सरकारशी व्यवहार करून हा साठा विकत घेतला. पन्नास हजारांहून जास्त नग. त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकीच्या बंदुका होत्या, ब्रन्सविक रायफली होत्या, १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफली होत्या, आणि त्याच नमुन्यावरून नेपाळी कारागिरांनी हाताने घडवलेल्या नकलाही होत्या. हा माल जहाजाने अमेरिकेत गेला आणि तिथल्या हौशी गिऱ्हाइकांना एकेक करून विकला जाऊ लागला. विक्रीत दोन प्रती होत्या. एक स्वच्छ करून दिलेली, दुसरी शिलेखान्यातून निघाली तशीच, हात न लावलेली. दुसरी अर्थातच स्वस्त.

ओहायो किंवा टेक्ससमधल्या एखाद्या गॅरेजमध्ये असे खोके उघडले जाते तेव्हा दस्त्यावरची काजळी पुसताना बऱ्याचदा देवनागरी अक्षरे आणि आकडे हाती लागतात. नेपाळी पलटणींच्या या खुणा. मालकाला त्या वाचता येत नाहीत. कोल्हापूरच्या शाळेतले पोर त्यातला आकडा फाडफाड वाचून दाखवील. त्या आकड्याची बंदूक ज्या शिपायाच्या खांद्यावर होती त्याने ती कोणावर झाडली, हे मात्र दोघांनाही सांगता येणार नाही.

इथून जो प्रश्न सुरू होतो तो संग्राहकांचा कमी आणि धर्मशास्त्राचा जास्त आहे. माणसे मारण्यासाठी केलेली एक वस्तू आहे. तिने तसे केले असेल किंवा नसेलही. ती मरणपंथाला लागलेली होती. कोणी तरी ती पैसे देऊन घेतली, गंज काढला, अडलेला घोडा मोकळा केला, नळी साफ केली. आता ती पुन्हा चालते. या माणसाने काही केले का? केले असेल तर त्या कृत्याला नाव काय?

आधी कृत्य नीट पाहायला हवे. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू जाते, मग गोळी, मग गजाने ती तळापर्यंत ठासायची. मागे चकमकीची ठिणगी किंवा टोपीचा स्फोट, आणि बार. (ही टोपी ज्या शोधातून निघाली तो एका पाद्र्याचा. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे अलेक्झांडर फोरसिथ शिकारीला जात, आणि चकमकीचा भडका पाहून पक्षी गोळी पोहोचण्याआधीच उडत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे लॉक, म्हणजे बार पेटवणारी कळ, बनवले, १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि १८४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच गावी धर्मोपदेशक म्हणून काम केले.) अशी पडीक बंदूक हाती आली की जाणकार माणूस गंजाकडे पाहतही नाही. पहिले काम एकच: गज नळीत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहायचा. खूण तोंडाशी धरल्यावर गजाचे टोक आणि नळीचा तळ यांत चार-पाच बोटांचा फरक पडला तर आत काही तरी आहे. बहुतेक वेळा तो भरलेला बार असतो.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. कोरडी राहिली तर ती पिढ्यान् पिढ्या जिवंत राहते. २००८ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात यादवी युद्धातला एक तोफगोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा जीव गेला. गोळा जवळजवळ दीडशे वर्षांचा होता. युद्ध संपल्याची वर्दी दारूला कोणी देत नाही.

भरलेल्या बंदुकांची सर्वांत विलक्षण नोंद त्याच यादवी युद्धातल्या गेटिसबर्गची आहे. जुलै १८६३ च्या त्या लढाईनंतर रणांगणातून गोळा केलेल्या बंदुकांचा आकडा २७,५७४ असा दिला जातो. त्यांतल्या सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या. जवळपास १२,००० मध्ये एकावर एक असे दोन बार होते, ६,००० मध्ये तीनपासून दहापर्यंत, आणि एका बंदुकीत तब्बल २३. एका मताप्रमाणे, त्या गदारोळात आपला बार उडालाच नाही हे शिपायाला कळत नसे. तो घाबरून पुन्हा पुन्हा ठासत राही. दुसरे मत असे की अनेकांना समोरच्या माणसावर गोळी झाडायची नव्हती. शेजाऱ्याला आणि अंमलदाराला दिसावे म्हणून ते नुसते ठासत होते. डेव्ह ग्रॉसमन या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने १९९५ च्या आपल्या पुस्तकात हे दुसरे मत जोरात मांडले, आणि इतिहासकारांनी तेवढ्याच जोरात त्याला आक्षेप घेतला. बंदूक दोन्ही पक्षांना सारखाच पुरावा देते. २३ गोळ्या ठासणारा तो माणूस भेदरलेला होता की करुणेने अडला होता, हे त्याचे त्यालाही सांगता आले असते का, याची शंका वाटते.

वस्तूच्या अंगी पाप चिकटते का, हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण शहाण्या समाजांनी तो न्यायालयात नेलेला आहे. अथेन्समध्ये प्रिटानिऑन नावाचे न्यायस्थान होते. तिथे ज्या निर्जीव वस्तूमुळे माणूस मेला तिच्यावर खटला चाले. प्लेटोने ‘लॉज’च्या नवव्या भागात अशी वस्तू देशाच्या सीमेबाहेर टाकून देण्याचा नियम सांगितला आहे, वीज तेवढी त्यातून वगळली, कारण ती देवाघरची. इंग्लंडमध्ये ‘डिओडँड’ हा कायदा मध्ययुगापासून चालत आला होता. मरणाला कारण झालेली गाडी, घोडा, खांब देवाला द्यायचा, म्हणजे व्यवहारात तिची किंमत राजाच्या तिजोरीत भरायची. पुढे आगगाड्या आल्या. १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॉनिंगजवळ झालेल्या अपघातानंतर पंचांनी इंजिनावर आणि डब्यांवर १००० पौंडांचा डिओडँड ठोकला. कंपन्यांना हे परवडेना. १८४६ मध्ये पार्लमेंटने कायदाच रद्द केला. वस्तू पापी असते ही समजूत तत्त्वज्ञांनी खोडली नाही. ती रेल्वेच्या हिशेबनिसांनी खोडली.

आजचे कायदे वस्तूला दोषी धरत नाहीत, पण वस्तूची जात ठरवतात. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’. केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने ती बंदूकच नव्हे. म्हणून तर नेपाळचा तो माल गिऱ्हाइकाच्या दारात टपालाने पडू शकला. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने वेगळी कसोटी लावली आहे. कलम ४५ मध्ये जुन्या घाटाच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे, पण ते शस्त्र जसे आहे तसे किंवा दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल तरच. कोकणात शेतीसंरक्षणाचा परवाना असलेले बागायतदार दर निवडणुकीला आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक पोलिस ठाण्यात जमा करायला जातात, त्यामागे हाच विचार आहे: डुकरावर चालते ती माणसावरही चालते.

या दोन कायद्यांतला फरक मोठा आहे. अमेरिकी कायदा वस्तूचे वय विचारतो. काळ लोटला की ती निरुपद्रवी झाली असे धरतो. भारतीय कायदा तिच्यात काय उरले आहे ते विचारतो. दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात जे आहे, नेमके त्यावर तो बोट ठेवतो. तत्त्वज्ञानाच्या बाजूने पाहिले तर हा दुसरा प्रश्न अधिक खोलवर जातो, मग पोलिस ठाण्यातल्या रांगेत उभ्या असलेल्या बागायतदाराला तो कितीही जाचक वाटो.

आता बनवणाऱ्याकडे वळू. बर्मिंगहॅममध्ये बंदुकीचा धंदा शेकडो छोट्या कारखान्यांत विभागलेला होता. नळी एकाकडे, लॉक दुसऱ्याकडे, दस्ता तिसऱ्याकडे, जुळणी चौथ्याकडे. या धंद्यातले एक मोठे घराणे गॅल्टनांचे. ते क्वेकर होते. क्वेकरांनी १६६० मध्येच राजा दुसऱ्या चार्ल्सपुढे लेखी जाहीर केले होते की आम्ही कोणत्याही कारणासाठी शस्त्र धरणार नाही. तरी गॅल्टनांच्या बंदुका ब्रिटिश सैन्याला जात होत्या, ईस्ट इंडिया कंपनीला जात होत्या, आणि गुलामांच्या व्यापारात मोबदला म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही उतरत होत्या. कित्येक दशके क्वेकर मंडळाला यात वावगे दिसले नाही. १७९५ मध्ये ते एकदम दिसले. फ्रान्सशी युद्ध पेटलेले होते, गुलामगिरीविरुद्धची चळवळ तापली होती, आणि मंडळाने सॅम्युअल गॅल्टन धाकटे यांच्याकडे खुलासा मागितला.

हे गॅल्टन साधे व्यापारी नव्हते. जेम्स वॉट, जोसेफ प्रीस्टली, इरॅस्मस डार्विन ज्या लूनर सोसायटीत जमत तिचे ते सभासद होते, विज्ञानाचे दर्दी होते. त्यांनी माफी मागितली नाही. लेखी युक्तिवाद केला. त्याचा मथितार्थ असा. हा धंदा मी निवडलेला नाही, तो वारशाने आला, आणि माझ्या वाडवडिलांना तुम्ही कधी हटकले नाही. बंदूक बनवणे म्हणजे आक्रमणाला संमती देणे नव्हे; तिने राखणही होते. जव पिकवणारा शेतकरी दारुड्याच्या पापाचा धनी होत नाही. आणि माझ्याकडे बोट दाखवणारे तुम्ही कर भरता, त्या करातून युद्ध चालते. गुलामांच्या घामाची साखर, तंबाखू, कापूस वापरता. या जगात ज्याचा हात अजिबात माखलेला नाही असा कोण आहे?

१७९६ मध्ये मंडळाने त्यांना सभासदत्वातून काढून टाकले. गॅल्टन तरीही रविवारच्या प्रार्थनासभेला जात राहिले; त्यांना कोणी उठवले नाही. १८०४ मध्ये त्यांनी बँक काढली, आणि घराण्याचा कल हळूहळू बंदुकीकडून पैशाकडे झुकला.

गॅल्टनांचे वर्णन अचूक होते, हे कबूल करायला हवे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये युद्धापासून अलिप्त असा पैसा फारसा उरला नव्हता. साखळी इतकी लांब होती की तिची एकही कडी एकटी दोषी ठरवता येत नव्हती. पण या अचूक वर्णनावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चमत्कारिक आहे: सगळेच गुंतलेले, म्हणून मी मोकळा. दोष इतक्या जणांत वाटला की कोणाच्याच वाट्याला काही येत नाही, असा हा हिशेब.

हीच साखळी गॅल्टनांच्या हजाराहून अधिक वर्षे आधी एका वेगळ्या परंपरेने तपासली होती, आणि निष्कर्ष उलटा काढला होता. जैनांच्या भगवतीसूत्रात, म्हणजे व्याख्याप्रज्ञप्तीत, महावीरांना त्यांचे शिष्य बारीक बारीक प्रश्न विचारतात. पाचव्या शतकात, म्हणजे त्या ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणात, एक प्रश्न धनुष्याचा आहे. माणूस धनुष्य उचलतो, बाण लावतो, सोडतो. वाटेत जीव मरतात. त्याला किती क्रिया, म्हणजे कर्माचे किती दोष, लागतात? उत्तर: पाचही. शरीराची, शस्त्राची, द्वेषाची, पीडा देण्याची आणि प्राण घेण्याची. इथवर कोणीही मान डोलावेल. पण पुढचे वाक्य वाचताना थबकायला होते. ज्या जीवांच्या शरीरांपासून ते धनुष्य, ती दोरी, तो बाण बनला, त्या जीवांनाही पाच क्रिया लागतात. झाडालासुद्धा. ज्याने हिंसेचा त्याग जाणूनबुजून केलेला नाही तो तिच्या साखळीत आहेच, असा यामागचा विचार टीकाकार उलगडून सांगतात. एनफील्डच्या दस्त्याचा अक्रोडही मग या हिशेबातून सुटत नाही.

हे टोकाचे आहे, आणि आजच्या वाचकाला झाडाला दोष लावणे पटणार नाही. पण गॅल्टनांशेजारी ठेवून पाहिले की त्याची धार कळते. साखळी लांब आहे हे दोघांनाही मान्य. एकाला त्यात सुटकेची वाट दिसली, दुसऱ्याला सुटकेची वाट बंद झालेली दिसली.

आणि त्याच ग्रंथात गंज काढत बसलेल्या माणसासाठी नेमके नाव तयार आहे. शस्त्राशी संबंधित क्रियेला तिथे आधिकरणिकी म्हणतात, आणि तिचे दोन भेद सांगितले आहेत. शस्त्र नव्याने घडवणे ही निर्वर्तना. आधीच घडलेले वेगवेगळे भाग जोडून शस्त्र सिद्ध करणे ही संयोजना; पात्याला मूठ बसवणे हे तिचे नेहमीचे उदाहरण. दुरुस्ती करणारा लोहार नव्हे, योद्धा नव्हे, तरी तो काही तरी करतो, आणि ते काही तरी मोजण्याइतके वेगळे आहे, हे एवढ्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी परंपरा शोधूनही सापडणे कठीण. बुद्धानेही अंगुत्तरनिकायात उपासकासाठी जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला येतो. पण तिथे बोट विक्रेत्याकडे आहे. जोडणाऱ्याला खुर्चीतून उठवले ते जैनांनी.

म्हणजे जुनी बंदूक दुरुस्त करणे पाप ठरते का? संयोजनेचे जैन वर्णन स्वीकारले तरी दुसऱ्या बाजूला एक अडचण आहे. दुरुस्तीविना पडलेली बंदूक निर्दोष होत नाही. ती नुसती विसरली जाते. विसरण्याने, न विचारण्याने काय घडते याचे सर्वांत मोठे उदाहरण याच १८५३ च्या एनफील्डचे आहे.

ही रायफल ५७७ सहस्रांश इंच व्यासाची, आत पिळाच्या तीन खाचा. खाचांमुळे गोळी गरगरत जाते आणि लांबवर नेमकी लागते. गोळी घट्ट बसावी आणि सुलभ ठासली जावी म्हणून कागदी काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी लावलेली असे. शिपायाने दाताने दुसरे टोक फाडायचे, दारू ओतायची, काडतूस उलटे करून चरबीचे टोक नळीत घालायचे. कवायतीच्या पुस्तकाप्रमाणे चरबी तोंडाला लागत नव्हती. पण हातात, पिशवीत, उन्हात ती कुठे लागेल याचा नेम नव्हता. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला कुजबुज सुरू झाली, की ती गाईची आणि डुकराची आहे.

खरी होती का ती कुजबुज? अधिकाऱ्यांनी चौकशी केली तेव्हा त्यांना शपथेवर ‘नाही’ म्हणता येईना. चरबी पुरवणाऱ्या ठेक्यात ती कोणत्या जनावराची असावी याची अटच घातलेली नव्हती. कोणी मुद्दाम बाटवायला निघाले होते याचा पुरावा नाही. जे घडले ते अधिक सामान्य आणि म्हणून अधिक भयंकर: साखळीतल्या एकाही माणसाला विचारावेसे वाटले नाही. जानेवारीअखेर सरकारने शिपायांना आपापले तेल-मेण लावण्याची मुभा दिली, पुढे काडतूस दाताऐवजी हाताने फाडण्याचाही बदल केला. उशीर झाला होता. २४ एप्रिलला मीरतमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० पैकी ८५ स्वारांनी जुन्या पद्धतीची काडतुसेसुद्धा नाकारली. १० मे रोजी मीरत पेटले. वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षी दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची हकीकत येते, लष्करी तपशील म्हणून नव्हे तर धर्मावरचे संकट म्हणून.

आज अमेरिकेत एनफील्ड पुन्हा झाडणारे हौशी लोक मधमेण आणि मेंढीची चरबी, किंवा मेण आणि वनस्पती तेल, घरीच वितळवून गोळीला लावतात. खनिज तेल काळ्या दारूबरोबर जळून डांबरासारखे चिकटते, म्हणून ते टाळायचे. कोणत्या जनावराची किती चरबी, यावर त्यांच्यात तासन् तास खल चालतो. वाद सगळा नळीच्या सोयीचा. ज्या रायफलीच्या चरबीवरून एक साम्राज्य हादरले तिच्या मालकाला स्वतःच्या हाताने चरबी निवडावी लागते, आणि ती कशाची आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, हा योगायोग तरी चांगला आहे.

आपल्याकडे शस्त्राशी वागण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती दोष-निर्दोषाच्या वादात पडतच नाही. कोडगूमध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोळ्द हा सण असतो. लावणीच्या दिवसांत शस्त्रे देवघरात ठेवून दिलेली असतात. सणाला ती बाहेर येतात, पुसली जातात, फुलांनी सजतात, पुजली जातात. मुलगा जन्मला की एक बार, घरात मृत्यू झाला की दोन. इंग्रजांच्या काळापासून कोडवांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. महाराष्ट्रातली खंडेनवमी याच्याच जवळची. पूजेने बंदूक पवित्र होते असे कोणी म्हणत असेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूजेमुळे ती अनोळखी राहत नाही. घरातल्या प्रत्येकाला ती कोणाची, कधीची, कुठे टांगलेली हे माहीत असते. टपालाने आलेल्या बंदुकीला हे गोत नसते.

महाभारताने मात्र शस्त्र जपणाऱ्यांची एक नाजूक शीर दाबली आहे. पांडव महाप्रस्थानाला निघतात तेव्हा सगळे सोडून दिलेले असते, पण अर्जुनाच्या खांद्यावर गांडीव आहेच. त्याचे काम संपलेले आहे. द्वारकेच्या स्त्रियांना लुटारूंपासून वाचवताना त्याची प्रत्यंचा चढवणेसुद्धा जड गेले होते. मग त्याने ते का धरून ठेवले? व्यास कारण देतात ते वीराला शोभणारे नाही: रत्नांसारख्या मौल्यवान वस्तूचा लोभ. शेवटी अग्नी वाट अडवून उभा राहतो आणि ते वरुणाला परत कर म्हणतो. अर्जुन ते समुद्रात टाकतो. शस्त्राचा संग्रह करणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न इथे आहे. भीती नाही, शिकार नाही, युद्ध नाही. मग हे खांद्यावर का?

काहींचे उत्तर प्रामाणिक असते: आवडते म्हणून. काहींचे त्याहून बरे असते: यावर काय लिहिले आहे ते वाचायचे आहे म्हणून. या दुसऱ्या उत्तराला जागायचे तर दुरुस्तीची रीत बदलते. तारेचा ब्रश फिरवून नळी लखलखीत करणारा माणूस दोन तासांत दीडशे वर्षांचा मजकूर पुसतो. लॉकवरचा मुकुट, साल, कंपनीचा सिंह, बर्मिंगहॅमच्या कारागिराचा ठसा ही अक्षरे काही सहस्रांश इंच खोलीची असतात. जाणकार लोक घासलेटात किंवा पातळ तेलात भाग दिवसेंदिवस भिजवतात, सर्वांत बारीक स्टील वूल हलक्या हाताने फिरवतात, स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसेल असे पेचकस घासून तयार करतात, दस्त्याला जवसाचे तेल देतात आणि पितळ चमकवण्याचा मोह आवरतात. इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती खरवडून नव्या करण्याविरुद्ध संस्था काढली तेव्हा लोक तिला ‘अँटी-स्क्रेप’ म्हणू लागले. इमारतीच्या बाबतीत तो रसिकतेचा प्रश्न होता. शस्त्राच्या बाबतीत तो साक्षीचा आहे. ज्या वस्तूने काय केले हे कोणालाच माहीत नाही, तिच्यावरची तुटपुंजी साक्षही पुसून टाकणे म्हणजे गॅल्टनांच्या साखळीला आणखी एक कडी जोडणे.

खुणा राखून बंदूक चालती करणे मग गैर आहे का? नसावे. संयोजना घडली हे मान्य करायचे, कुलपात ठेवायची, कोणाच्या हाती जाते त्याचा हिशेब ठेवायचा. जैन मुनीचे समाधान यातून होणार नाही. गृहस्थाला निदान आपण काय केले ते कळलेले असेल.

एका जातीच्या बंदुकीत हा पेच फार टोकदार होतो. १८५७ चा उठाव चिरडल्यावर इंग्रजांनी ठरवले की एतद्देशीय शिपायांना खाचांची रायफल नको. १८५३ च्या एनफील्डच्या नळ्यांतल्या खाचा यंत्राने खरवडून काढल्या गेल्या, भोक ६५६ सहस्रांश इंचांपर्यंत मोठे केले गेले, आणि लांब पल्ल्याच्या माशीऐवजी साधी ठोकळ्याची माशी बसवली गेली. हा १८५८ चा नमुना. पुढच्या वर्षी जाड नळीचा सुधारलेला नमुना आला, तोही गुळगुळीतच. बाहेरून पाहिले तर दोन्ही एनफील्डच. आज अशी एखादी बंदूक विकत घेणारा नवखा माणूस नळीत दिवा सोडतो, खाचा दिसत नाहीत, आणि वापराने झिजल्या असाव्यात असे समजतो. मग तो कारागिराकडे जाऊन आत खाचांचे नवे अस्तर बसवून मागतो. कारागीर ते बसवूनही देतो. काम चोख होते, बंदूक निशाण्यावर लागू लागते, किंमतही वाढू शकते. खाचा मात्र झिजलेल्या नव्हत्या. शिपायाच्या हातात कमी पल्ल्याचे शस्त्र द्यायचे, हा सरकारी निर्णय त्या गुळगुळीत लोखंडात कोरलेला होता. अस्तर न घालता तशीच ठेवली तर तिच्यातून गोल गोळी ऐंशी-शंभर पावलांपलीकडे नेमकी जाईल याची खात्री नाही. १८५८ मध्ये ज्यांनी ती बनवून घेतली त्यांना तेवढेच हवे होते.